अखेरीस की जमलं तर

मला हे काम मिळालं ते दुसरा माणूस आजारी पडला म्हणून. दिल्लीहून आलेला दुभाषी इथलं काहीतरी खाऊन अंथरुणाला खिळला, आणि सरकारी खात्यातल्या कुणीतरी पणजीला फोन करून विचारलं, पोर्तुगीज येणारं माणूस लगेच मिळेल का. पणजीत अशी माणसं पुष्कळ आहेत. पण बैठक होती आमच्या पेडण्यात, विमानतळाजवळच्या एका नव्या हॉटेलात, आणि मी राहते धारगळला. सगळ्यांत जवळची मी, एवढीच माझी लायकी.

पेडण्याच्या हिंदू घरातली बाई पोर्तुगीज कशी शिकली, हा प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारला आहे. माझे वडील जमिनीचे जुने पोर्तुगीज कागद लोकांना वाचून दाखवायचे. सीमेचे तंटे घेऊन हळर्ण-इब्रामपूरहून माणसं यायची, ओसरीवर बसायची, आणि वडील त्यांना त्यांच्याच आजोबांनी काय लिहून दिलंय ते सांगायचे. त्यांनी मला भाषा शिकवली. पुढे मी ती कॉलेजात रीतसर शिकले आणि डिचोलीच्या एका उच्च माध्यमिक शाळेत शिकवायला लागले. मधूनमधून जन्मदाखले, लग्नाचे दाखले यांची भाषांतरं करायची. दोन सरकारांच्या मध्ये बसायचं म्हणजे काय, याची मला कल्पनाही नव्हती.

त्या देशांची नावं मी सांगणार नाही. तसा शब्द दिला आहे. दोन्ही देश एकमेकांचे शेजारी, दोन्ही मित्र. जुन्या एका लढाईत ते एकाच बाजूने लढले होते. एक मोठा, इंग्रजी बोलणारा, हाताशी पैसा असलेला. दुसरा छोटा, पोर्तुगीज बोलणारा. दोघांच्या मध्ये एक नदी, आणि नदीच्या मुखाशी एक बेट. बेटावर पहारा छोट्या देशाचा. मोठा देश म्हणत होता, बेट आमचं, पहारा उठवा. आणि त्याच वेळी मोठा देश छोट्या देशाला एक मोठं इस्पितळ बांधून देणार होता, डॉक्टर पाठवणार होता. दोन्ही देशांची माणसं कसल्याशा परिषदेसाठी भारतात आली होती, आणि घरी परतण्याआधी त्यांना कुठेतरी शांतपणे बसून हे मिटवायचं होतं.

आमच्या सरकारचा एक अधिकारी मला दारातच भेटला. केस पिकलेला, थकलेला माणूस. म्हणाला, "मॅडम, आपण फक्त जागा दिली आहे. भांडण त्यांचं, दोस्तीही त्यांचीच. ते बोलतील तेवढंच तुम्ही बोला. पदरचं काही घालू नका."

"नाही घालणार," मी म्हणाले.

छोट्या देशाच्या बाजूने एक मंत्रीणबाई होत्या. साठीच्या, ठेंगण्या, गळ्यात मोठ्या मण्यांची माळ. मोठ्या देशाच्या बाजूने एक उंच गृहस्थ होते, बोलताना डोळे मिटून घ्यायची त्यांना सवय होती. बाकीचे दोन्हीकडचे लोक कागद पुढे सरकवत होते आणि मागे ओढत होते.

सकाळभर त्यांनी एकमेकांची स्तुती केली. आमचं जुनं नातं, आमच्या दोन्ही देशांचं सांडलेलं रक्त, आमच्या मुलांचं भविष्य. मी या कानाने ऐकत होते आणि त्या भाषेत सांगत होते. बाई बोलल्या की मी इंग्रजीत, गृहस्थ बोलले की मी पोर्तुगीजमध्ये. मला वाटलं, किती छान चाललंय, दुपारपर्यंत मी घरी. चहाच्या वेळी मी अधिकाऱ्याला तसं म्हटलंसुद्धा.

त्यांनी बिस्किट बशीत ठेवलं. "फार वाईट चाललंय," ते म्हणाले.

"पण सगळे किती गोड बोलताहेत!"

"म्हणूनच म्हणतो."

मी गोंधळले. जे शब्द माझ्याच तोंडातून गेले होते, त्यांत वाईट कुठे होतं ते मला शोधूनही सापडेना.

दुपारी ते मुद्द्यावर आले. गृहस्थांनी इस्पितळाबद्दल सांगितलं. मग बेटाचं नाव न घेता म्हणाले, की चांगल्या शेजाऱ्यांमध्ये पहारे शोभत नाहीत. बाईंनी थोडा वेळ मेजावर बोटं वाजवली आणि उत्तर दिलं. त्या उत्तरातलं एक वाक्य असं होतं, की बेटावरचे पहारेकरी मागे घेतले जातील, आणि त्या वाक्यात त्यांनी एक शब्द घातला: एव्हेंतुआलमेंत.

हा शब्द मी मुलांना दरवर्षी शिकवते. इंग्रजीतल्या इव्हेंच्युअलीसारखा दिसतो, वाजतोही तसाच, पण अर्थ तो नाही. इंग्रजी शब्दाचा अर्थ अखेरीस, उशिरा का होईना पण नक्की. पोर्तुगीज शब्दाचा अर्थ कदाचित, प्रसंग आलाच तर, जमलं तर. परीक्षेत निम्मी मुलं इथे चुकतात. मी चुकले नाही. मी इंग्रजीत 'कदाचित' म्हटलं.

मोठ्या देशाच्या बाजूचा चष्मेवाला एक माणूस उभाच राहिला. त्याला थोडंफार पोर्तुगीज येत असावं. "माफ करा, मंत्रीमहोदया 'अखेरीस' म्हणाल्या. मी कानांनी ऐकलं. दुभाषिणीने ते 'कदाचित' केलं!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझे कान तापले. मी म्हणाले, "पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ कदाचित असाच होतो."

"मग मंत्रीमहोदयांनाच विचारू," तो म्हणाला.

मी तो प्रश्न जसाच्या तसा पोर्तुगीजमध्ये बाईंना विचारला. म्हणजे मीच माझ्याबद्दल विचारलं, की दुभाषिणीने तुमचा शब्द बरोबर सांगितला का. बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, कौतुकानेही नाही. बाजारात एखादं फळ हातात घेऊन बघावं तसं. मग म्हणाल्या, "दुभाषिणबाईंनी छान शब्द निवडला."

कोणता, ते त्या बोलल्या नाहीत. चष्मेवाल्याला वाटलं, त्याचं खरं ठरलं, कारण त्याने तो शब्द स्वतः ऐकला होता. बाईंच्या बाजूच्या लोकांना वाटलं, माझं खरं ठरलं. उंच गृहस्थांनी डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाले, "उद्या बसू."

घरी आल्या आल्या मी शब्दकोश काढला. माझाच अर्थ बरोबर होता. तरी जिवाला चैन पडेना. बाईंना इंग्रजी समजत होतं, हे मी सकाळीच पाहिलं होतं. गृहस्थांच्या एका विनोदावर, मी तो सांगायच्या आधीच त्या हसल्या होत्या. मग तो शब्द समोरच्यांना कसा ऐकू येईल, हे त्यांना माहीत नसेल का? की सहज तोंडातून गेला, आणि पुढे तो सोयीचा ठरला म्हणून त्यांनी तसाच राहू दिला?

नवऱ्याने स्वयंपाकघराची खिडकी लावली आणि विचारलं, "मगे? काय ठरला गो?" ते तुये गावातल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत.

"ते सांगता यायचं नाही. पण एक विचारते. एखादा माणूस मुद्दाम असा शब्द वापरील का, की दोघांनी त्याचे दोन अर्थ घ्यावे?"

ते हसायलाच लागले. "आमचो साहेब रोज वापरता. 'बघूया' म्हणता. युनियनवाले बाहेर येऊन सांगतत, झाला काम. नि आफिसात सगळ्यांका कळता, की साहेब नाय म्हणालो."

"मग साहेबाच्या मनात काय असतं?"

"ता साहेबाकच खबर. कदाचित त्याकाय नसात."

हे ऐकून मला आधार वाटायला हवा होता. उलट मी जास्तच घोटाळ्यात पडले.

दुसऱ्या दिवशी मी हॉटेलवर पोचले, तर बैठकीची खोली रिकामी. बाई आणि उंच गृहस्थ बाहेर गाडीपाशी उभे होते. त्यांना समुद्राकडे कुठेतरी जायचं होतं, बरोबर कुणी नको होतं, फक्त मी. अधिकारी अस्वस्थ झाले, पण नाही कसं म्हणणार? मागून एक गाडी पाठवतो म्हणाले, आणि ड्रायव्हरला केरीला न्यायला सांगितलं.

वाटेत मी बाईंना विचारलं, "तुम्ही एकमेकांना आधीपासून ओळखता का?" कारण गृहस्थांनी त्यांच्या हातातली पिशवी न विचारता स्वतःकडे घेतली होती.

उत्तर गृहस्थांनीच दिलं, इंग्रजीत. लढाईच्या दिवसांत ते विशीतले शिपाई होते, जखमी होऊन नदीपलीकडे राहिले. बाईंच्या आईने त्यांना कोठारात लपवून ठेवलं होतं. बाई तेव्हा शाळकरी होत्या, त्या त्यांना जेवण नेऊन द्यायच्या. मी हे पोर्तुगीजमध्ये सांगायला तोंड उघडलं तशी बाई म्हणाल्या, "मला नको सांगू. मी तिथे होते."

"मग तुम्हांला माझी गरज काय?" मी विचारलं. "तुम्ही आपापसांत बोलता ना?"

"मोडकंतोडकं बोलतो," बाई म्हणाल्या. "जेवलास का, बायको कशी आहे, एवढ्याला ते पुरतं. बेटाला पुरत नाही."

केरीला फेरीबोट लागलेलीच होती. पलीकडे तेरेखोल दिसत होतं, टेकडीवरचा किल्ला. बोटीवर दोन-चार मोटारसायकली, बाजार घेऊन निघालेल्या बाया, एक कुत्रा. आम्ही कठड्यापाशी उभे राहिलो, मी मध्ये.

बोट सुटली आणि गृहस्थांनी डोळे न मिटता बाईंना विचारलं, "काल तू काय म्हणालीस? अखेरीस की कदाचित?"

मी ते बाईंना सांगितलं. बाई पाण्याकडे बघत म्हणाल्या, आणि मी त्यांच्यामागोमाग इंग्रजीत म्हणत गेले, "त्या बेटावर माझी पोरं आहेत. तिथे ती भाजी लावतात, कोंबड्या पाळतात. त्यांना मी उठवून आणलं, तर घरी माझी खुर्ची जाईल. नाही आणणार म्हणाले, तर तुझं इस्पितळ येणार नाही."

"इस्पितळाचा बेटाशी काही संबंध नाही," गृहस्थ म्हणाले.

"मग आज दे."

ते गप्प.

"बघ," बाई म्हणाल्या. "संबंध नाही म्हणतोस, आणि गप्प बसतोस."

"मी गप्प बसलो, कारण मीही कुणाला तरी जाब देणार आहे. पहारा उठला नाही, तर माझे लोक विचारतील, आपण भेट दिली ती कशासाठी? मी तुझ्याकडे काही मागत नाही. मला फक्त घरी न्यायला काहीतरी हवंय."

दुभाष्याने नेहमी 'मी' म्हणायचं असतं. 'त्या म्हणतात' असं म्हणायचं नसतं. त्यामुळे बोटीवर मी एकदा 'माझी पोरं' म्हणत होते आणि लगेच दुसऱ्या भाषेत 'माझे लोक' म्हणत होते, एकदा चिडून, एकदा समजावून. बाईंचा आवाज चढला की माझाही चढायचा. मला दोघांचंही पटत होतं, आणि ते कसं शक्य आहे ते कळत नव्हतं. माशांची पाटी घेऊन बसलेल्या एका बाईने शेवटी मला विचारलं, "गो बाये, तुया कोणावांगडा झगडतंस? हेच्यावांगडा, की तेच्यावांगडा?"

"माकाच कळणा नाय गो," मी म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

पलीकडे उतरून आम्ही किल्ल्याच्या चढावर थोडं गेलो. गृहस्थांनी विचारलं, नदीच्या या बाजूची सगळी जमीन दुसऱ्या राज्याची दिसते, मग हा एवढा तुकडा तुमचा कसा? मी सांगितलं, की किल्ला आधी सावंतवाडीच्या भोसल्यांचा होता, पोर्तुगीजांनी घेतला, आणि पुढे सगळंच भारतात आलं तरी तो गोव्याकडे राहिला. पलीकडे महाराष्ट्र. इथली माणसं बाजाराला तिकडे जातात, इकडेही येतात.

"पहारा कोण करतं?"

"पहारा नाही. दारू नेतात का, ते बघायला पोलीस असतात."

गृहस्थ खूप हसले, आणि काहीतरी सापडल्यासारखे बाईंकडे वळले. बाई हसल्या नाहीत. "ते सगळे एकाच देशात आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना सोपं आहे. यातून मला काही शिकवू नकोस."

मग दोघं एका दगडावर बसली आणि त्यांच्या मोडक्यातोडक्या भाषेत काहीतरी बोलू लागली. मला दूर थांबायला सांगितलं. वाऱ्याने शब्द पोचत नव्हते. एकदा बाईंनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. एकदा गृहस्थांनी रुमालाने डोळे पुसले, पण तो वाराही असेल. मी खाली नदीकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की दुभाषी नसतो तिथेच खरं काय ते ठरतं.

परतताना दोघंही प्रसन्न होती. बाईंना ताजे उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल पाव, हवे होते म्हणून ड्रायव्हरने पोदेराच्या बेकरीपाशी गाडी थांबवली. पावाला आम्ही पाव म्हणतो आणि त्यांच्या भाषेतही जवळजवळ तेच म्हणतात, हे कळल्यावर त्यांनी दुकानदाराकडून तो शब्द दोनदा वदवून घेतला.

संध्याकाळच्या आत निवेदन तयार झालं. एक प्रत इंग्रजी, एक पोर्तुगीज, दोन्ही सारख्याच प्रमाण मानायच्या. इस्पितळाचं काम लगेच सुरू होणार होतं. बेटाबद्दल एकच वाक्य होतं. पोर्तुगीज प्रतीत पहारेकरी 'एव्हेंतुआलमेंत' मागे घेतले जाणार होते. इंग्रजी प्रतीत 'इव्हेंच्युअली'.

अधिकाऱ्यांनी दोन्ही प्रती माझ्यापुढे ठेवल्या. "मॅडम, मजकूर एकच आहे ना, तेवढं सांगा. मग सह्या होतील."

मी दोनदा वाचलं. "एकच नाही," मी म्हणाले. "इथे नक्की आहे, इथे कदाचित आहे."

अधिकाऱ्यांनी हलक्या आवाजात म्हटलं, "मॅडम, दोन्ही शब्द सारखेच तर दिसतात."

"दिसतात. पण नाहीत." आणि कुणाचा गैरसमज नको म्हणून मी तो फरक आधी इंग्रजीत आणि मग पोर्तुगीजमध्ये स्वच्छ समजावून सांगितला. वर्गात सांगते तसा. सांगताना माझ्या लक्षात येत गेलं, की समोरचे दोघंही मान हलवताहेत, पण नवीन काही ऐकल्यासारखी नाही.

"आम्हांला माहीत आहे," गृहस्थ म्हणाले.

बाई म्हणाल्या, "तू खरं सांगितलंस. चांगलं केलंस. आता ते खरं तुझ्याकडे ठेव."

"पण मजकूर एकच आहे असं मी म्हणू शकत नाही."

"मग म्हणू नकोस," त्या म्हणाल्या. त्यांनी पेन उघडलं. चष्मेवाल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. गृहस्थांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो बसला. सह्या झाल्या, हस्तांदोलन झालं, फोटो निघाले. मी भिंतीला टेकून उभी होते. आपण दोन देशांना फसू दिलं की फसण्यापासून वाचवलं, हे मला तिथे कळलं नाही. ज्यांना सगळं ठाऊक आहे त्यांना फसवलं तरी कसं म्हणायचं? पण जे त्या खोलीत नव्हते, ती बेटावरची पोरं, त्या नदीवरचे मासेमारी करणारे, त्यांना कुठली प्रत वाचायला मिळणार होती?

निघताना बाईंनी मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाल्या, "तू चुकली नव्हतीस." पहिल्या दिवशीच्या शब्दाबद्दल म्हणाल्या, की शेवटच्या दिवशी मी अडून बसले त्याबद्दल, ते विचारायच्या आत त्या गाडीत बसल्या.

नंतर मी त्या देशांच्या बातम्या वाचत राहिले. इस्पितळ उभं राहिलं. त्याचा फोटो मी पाहिला, दारात लांब रांग, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. नदीच्या दोन्ही काठांची माणसं तिथे येतात, असं लिहिलं होतं. पहारेकरीही बेटावरून निघाले, निदान काही जण तरी. मला खूप बरं वाटलं. मी नवऱ्याला तो फोटो दाखवला. मग छोट्या देशात निवडणूक झाली आणि बाईंचं सरकार गेलं. नव्या सरकारने पहारा परत पाठवला आणि सांगितलं, की करारात जमलं तर असं लिहिलंय, आणि आम्हांला जमत नाही. मोठ्या देशाने आपली इंग्रजी प्रत दाखवली. थोडे दिवस मोठमोठी वाक्यं छापून आली. पण लढाई झाली नाही, आणि डॉक्टरही परत गेले नाहीत. इस्पितळ चालू राहिलं, बेट अडून राहिलं.

याच सुमाराला त्या अधिकाऱ्यांचा मला फोन आला. मी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होते, हात लाल झाले होते, फोन कोपराने धरला.

"मॅडम, ते दोन देश पुन्हा बोलणी करणार आहेत. दोन्हीकडून आम्हांला एकच विचारलंय. तुम्ही त्या वेळी सगळीकडे त्यांच्याबरोबर होता. मंत्रीणबाईंच्या मनात नेमका कुठला अर्थ होता?"

मला तो किल्ल्याचा चढ आठवला, दगडावर बसलेली दोघं, आणि मी ऐकू येणार नाही इतकी लांब. मी खूप विचार केला. काहीतरी सांगता आलं असतं. मी जे सांगितलं असतं ते कदाचित खरंही धरलं गेलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"काहीच अंदाज नाही?"

"रोज एक अंदाज असतो. रोज वेगळा."

ते म्हणाले, "बरं. पण बोलणी झाली तर याल ना?"

मी येईन म्हणाले.